पाच अक्षरांचं मालाड

एक सोपा सवाल. चर्चगेट-विरार लाइनवर अशी किती स्टेशनं आहेत, ज्यांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग बरोब्बर पाच अक्षरांचं आहे? उत्तर आहे चार. दादर, माहीम, मालाड, विरार. चौघांतही 'ए' आहे. माहीम-मालाडची सुरुवात एम-ए, दादर-विरारचा शेवट ए-आर. आणि मराठीत लिहून बघा, चारही नावं तीन-तीन अक्षरांची!

असले उद्योग डोक्यात येतात म्हणजे वर्डलचा किडा चावलाय, हे समजून जा. रोज एकच इंग्रजी शब्द, पाच अक्षरांचा. ओळखायला सहा चान्स. अक्षर जागेवर असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नाहीच तर राखाडी. विरार लोकलमध्ये चौथी सीट मिळाली, तर मालाड यायच्या आत टाइमपास खल्लास.

या खेळामागे एक झकास लव्हस्टोरी आहे, बरं का. न्यूयॉर्कमधला सॉफ्टवेअर इंजिनियर जोश वॉर्डल. त्याची पार्टनर पलक शाह हिला शब्दांचे खेळ आवडायचे, म्हणून त्याने तिच्यासाठी हा बनवला. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द साधारण १२ हजार. त्यातले निम्मेअधिक कुणी आयुष्यात ऐकलेले नसतात. मग पलकने यादी चाळली आणि ओळखीचे असे अडीचेक हजार ठेवले. म्हणून वर्डलचं उत्तर सहसा आपल्या-तुपल्या ओळखीचंच निघतं. १ नोव्हेंबर २०२१ ला खेळणारे होते ९०. दोन महिन्यांत झाले तीन लाख. जानेवारी २०२२ संपता संपता 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला, दहा लाख डॉलरहून जास्त मोजून!

मालाडच्या माइंडस्पेसमधल्या आमच्या ऑफिसातही हे लोण आलं. ग्रुपवर सकाळी हिरव्या-पिवळ्या चौकोनांचा पाऊस. कॉन्व्हेंटवाले, एमबीएवाले, अमेरिकन क्लायंटशी फाडफाड बोलणारे, सगळे मैदानात. आणि रोज पुढे कोण? अकाउंट्समधला दादा. चाळिशी पार केलेला, मराठी मीडियमचा. मीटिंगमध्ये हा माणूस तोंड उघडत नाही. अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन'च्या रकान्यात दरवर्षी तोच शेरा. आणि वर्डलमध्ये? तीन चान्समध्ये काम तमाम.

मी एकदा कॅन्टीनमध्ये धरलंच. "दादा, फंडा काय आहे?"

"फंडा कसला? तुम्ही लोक शब्द आधी कानाने शिकलात. आम्ही डोळ्यांनी. पाचवीत एबीसीडी हातात आली. एल-आय-जी-एच-टी लाइट, लाइट म्हणजे प्रकाश. असं घोकून घोकून अक्षरं दिसायला लागली. बोलायला कुणी शिकवलंच नाही."

हे ऐकून मी गप्प. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या मुलांना पाचवीपर्यंत थांबावं लागायचं. आपण ज्याला 'इंग्लिश येत नाही' म्हणतो, त्यातलं नेमकं काय येत नाही, हे आपण कधी विचारतो का? स्पेलिंग येतं, अर्थ येतो, मेल बिनचूक जातो. येत नाही तो फक्त अॅक्सेंट. आणि शेरा मात्र पूर्ण माणसावर.

आता दादाच्या टिप्स, फुकटात. वर्डलच्या मूळ यादीतल्या जवळजवळ निम्म्या शब्दांत 'ई' आहे, त्याखालोखाल 'ए' आणि 'आर'. सुरुवात सर्वांत जास्त वेळा 'एस'ने, शेवट 'ई' किंवा 'वाय'ने. म्हणून पहिला शब्द 'स्लेट' किंवा 'क्रेन'. पाटी घ्या नाहीतर मेट्रोच्या कामावरची क्रेन, चॉइस तुमचा.

दुसरी टिप जास्त मोलाची. शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी निघाली की खूश होऊ नका, तो सापळा आहे. लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, फाइट, टाइट, वर एट! एकेक करत बसलात तर चान्स संपतील. त्याऐवजी 'फिल्म्स' टाका. एफ, एल, एम, एस चारही एका फटक्यात तपासून होतात. कुठलंच निघालं नाही, तरी चार शब्द बाद. फक्त हार्ड मोड बंद असायला हवा.

आणि हो, स्पेलिंग अमेरिकन. जानेवारी २०२२ मध्ये 'फेव्हर' आला तो यूशिवाय, तेव्हा ब्रिटिश खेळाडू जाम भडकले होते. शाळेत यू घोकलेल्या आपल्यालाही तो जड जाणारच.

मागच्या महिन्यात टीममधली नवी मुलगी, इंग्रजी एकदम कडक, दादाच्या डेस्कपाशी खुर्ची ओढून बसली. "दादा, क्लायंटला जाणारा रिपोर्ट आहे. एकदा स्पेलिंग बघाल?" दादाने दोन मिनिटांत तीन चुका काढल्या, पेन्सिलने बारीक गोल करून. मग म्हणाला, "आता तू हे मला वाचून दाखव. सावकाश. उच्चार ऐकायचेत."

तेव्हापासून रोज लंचनंतर दहा मिनिटं दोघांची शाळा भरते. फी म्हणून कटिंग, आळीपाळीने.