आधी पाहावं, मग वाचावं

छायाचित्राने स्वतःच बोलावं, त्याला टिपणाच्या कुबड्या कशाला, असं अनेक जाणकार म्हणतात. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमो इथे टिपलेलं ‘मायग्रंट मदर’ पाहिलं की हे पटतंही. गालाला टेकलेली बोटं, कपाळावरच्या आठ्या, खांद्यांना बिलगून तोंड फिरवलेली दोन मुलं. आईची काळजी कळायला शब्द लागत नाहीत. पण समीक्षा तिथे थांबत नाही. चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. लँग यांनी तो नंतर पुसट करून घेतला. नुसती रचना पाहणारा म्हणेल, दोष गेला. मात्र हे चित्र सरकारी खात्यासाठी, ग्रामीण हलाखीची नोंद म्हणून काढलं होतं, हे कळताच प्रश्न बदलतो. नोंदीत असा फेरफार चालेल का?

माहितीने पाहणाऱ्याची नजर बांधली जाते, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय आहे तो क्रमाचा. आधी चित्र निवांत पाहावं, आपलं मत बनवावं, मगच टिपण वाचावं. टिपणानेही भावना समजावू नयेत. स्थळ, काळ, हेतू आणि नंतर केलेले बदल एवढंच सांगावं. कमकुवत चित्राला त्याने बळ येणार नाही, पण प्रत्येक चित्राला न्याय मिळेल.