इंच, फूट, गुंठा: हिशेब मीटरचा

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, फ्लॅटच्या करारात चौरस मीटर. बोलण्यात मात्र गुंठा आणि स्क्वेअर फूटच. या रूपांतराचा पाया एकच: १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. हा आकडा अंदाजे नाही, नेमका आहे. पूर्वी अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या इंचात अगदी बारीक, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी फरक होता. पण सूक्ष्म मोजमापात तोही अडचणीचा. १९५९मध्ये या दोघांसह कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी १ यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर असं ठरवलं आणि वाद मिटला. यार्डाचे ३६ भाग केले की २५.४ मिलिमीटरचा इंच मिळतो, १२ इंचांचा फूट ०.३०४८ मीटरचा.

गफलत होते ती दोन ठिकाणी. ५ फूट ६ इंच उंची म्हणजे ५.६ फूट नव्हे, साडेपाच फूट. आधी सगळे इंच करा: ६६. मग २.५४ने गुणा: १६७.६४ सेंटिमीटर.

दुसरी चूक क्षेत्रफळात. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. इथे ०.३०४८ने दोनदा गुणायचं. उत्तर येतं १०१.१७ चौरस मीटर. आर मात्र १०० चौरस मीटरचा. ‘एक गुंठा म्हणजे एक आर’ असं धरलं, तर ४० गुंठ्यांच्या एकरामागे सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ५०० चौरस फूट जमीन हिशेबातून गळते. व्यवहारात तेवढ्या जागेत एक खोली सहज उभी राहते.