थंडी आणि अंगणांतील डाळिंब

हिंवाळा लागला कीं आलापल्लीच्या सागवनांत पहाटे धुकें उतरतें, दारोदार शेकोट्या पेटतात आणि धान घरांत आलेला शेतकरी जरा विसावतो. याच दिवसांत त्याच्या मनांत येतें कीं, पुढील पावसाळ्यांत घरामागें चार फळझाडें लावावींत. रोपें विकणारा सांगतो, “इकडे थंडी चांगली पडते, सफरचंद लावा, डाळिंब लावा.” धानाचा पैसा रोपांवर खर्च होतो, आणि तीन-चार वर्षें वाट पाहूनही हातीं कांहींच लागलें नाहीं, तर तो तोटा लहान शेतकऱ्यास फार जड जातो. म्हणून थंडी आणि फळझाड यांचें नातें काय आहे, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. थंडी सोसणें निराळें आणि थंडीची गरज असणें निराळें. आपल्या रानांतील साग उन्हाळ्याच्या तोंडीं पानें टाकतो, तो पाण्याच्या तुटवड्यांतून निभावून जाण्यासाठीं. थंड प्रदेशांतील सफरचंदाचें झाड हिंवाळ्यांत पानें टाकून निजतें, तें थंडींतून निभावून जाण्यासाठीं. परंतु ही झोप पुरी झाल्यावांचून तें नीट जागें होत नाहीं. पारा सुमारें ७ अंश सेल्सिअसच्या खालीं जितके तास राहील, तितके तास जणूं झाडाच्या खातीं जमा होतात. सफरचंदाच्या जुन्या प्रसिद्ध जातींस असे सुमारें १,००० तास लागतात. ते न मिळाल्यास कळ्या अर्धवट फुटतात, फुलें मागेंपुढें येतात आणि फळ धरत नाहीं. आलापल्लीच्या पौषांतील रात्री गार खऱ्या, पण दुपारीं ऊन चटकतें. हजार तासांचा हिशेब येथें जमावयाचा नाहीं. हिमाचल प्रदेशांतील बिलासपूर जिल्ह्याचे हरिमन शर्मा यांनीं कमी थंडीवर फळणारी ‘एच. आर. एम. एन. ९९’ ही जात पुढें आणली, हें खरें. पण त्या एका जातीच्या नांवावर दारीं आलेलें कोणतेंही रोप विकत घेणें शहाणपणाचें नव्हे.

डाळिंबाची गोष्ट वेगळी. इराणपासून हिमालयाच्या उतारापर्यंतचा प्रदेश हें त्याचें माहेर. कंदाहारचीं डाळिंबें प्रसिद्ध आहेत. कुलूच्या खोऱ्यांत त्याच्या बागा आहेत, आणि हिमाचलांतील रानडाळिंबाचे दाणे वाळवून अनारदाणा करतात. तेथें हें झाड हिंवाळ्यांत पानें टाकतें. मात्र पारा उणे १२ अंशांच्या आसपास गेला कीं त्याचें लांकूड दुखावतें. म्हणून उझबेकिस्तानांतील शेतकरी हिंवाळ्यापूर्वीं झाडें वांकवून मातीखालीं झांकतात आणि वसंतांत पुन्हां उघडतात. एका फळासाठीं मनुष्य किती कष्ट घेतो पाहा!

आपल्या दख्खनांत अशी थंडी नाहीं. मग सोलापूर-सांगोल्याकडे डाळिंब कसें पिकतें? तेथें थंडीचें काम शेतकरी करतो. महिना-दीड महिना पाणी तोडून तो झाडास ताण देतो; पानें गळतात, झाड विसांवा घेतें. मग हलकी छाटणी करून खत-पाणी दिलें कीं एकदम फूल येतें. यालाच बहार धरणें म्हणतात. आंबेबहार, मृगबहार आणि हस्तबहार हे त्याचे तीन हंगाम. पाणी आपल्या हातीं असणें, हेंच या युक्तीचें मर्म होय.

आलापल्लीचें दुखणें येथेंच आहे. या भागांत वर्षाला १,२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सोलापुराकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. मृगबहाराचें फूल येथें झडीत सांपडतें. हस्तबहारासाठीं ताण द्यावा, तर आश्विनापर्यंत जमीन ओली. आणि उशिरां फूल आणलें तर थंडीनें फळाची वाढ मंदावते. आंबेबहाराचें फळ कडक उन्हाळ्यांत वाढतें आणि पिकण्याच्या सुमारास पाऊस गांठतो. ओल्या हवेंत तेल्या नांवाचा जंतुरोग पावसाच्या थेंबांबरोबर पसरतो. पानांवर व फळांवर तेलकट डाग पडतात आणि फळ तडकतें. म्हणजे येथें डाळिंबाचा खरा वैरी थंडी नसून ओल आहे. विक्रीसाठीं बाग करण्याचें धाडस म्हणूनच करूं नये. घरच्यापुरतीं एक-दोन झाडें मात्र उंच वरंब्यावर, उन्हाच्या जागीं, पाण्याचा निचरा राखून अवश्य लावावींत.

मग थंडीचा उपयोगच नाहीं काय? आहे. महाबळेश्वरीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तरी तेथें स्ट्रॉबेरी होते. कारण पाऊस सरतांना रोप लावून पुढचे गार, कोरडे महिने तेवढे साधले जातात. हाच धडा आपण घ्यावा. पावसाळ्यांत फुललेला पेरू हिंवाळ्यांत पिकतो आणि त्याचें फळ अधिक गोड उतरतें. गार रात्रींमुळें आंब्यास मोहोर येण्यास मदत होते. आंवळा याच दिवसांत भरतो. सीताफळ, जांभूळ आणि चार यांना तर येथलें हवामान पिढ्यान्‌पिढ्यांचें परिचयाचें आहे.

कोंवळ्या रोपांस मात्र कडाक्याची रात्र बाधते. संध्याकाळीं हलकें पाणी द्यावें, बुंध्याशीं पाचोळा पसरावा आणि वर गवताचें छप्पर करावें. निफाडकडे पारा फार उतरला कीं द्राक्षबागांत शेकोट्या पेटवितात, त्यांतील हेतूही हाच.

श्रोतेहो, रोप घेण्यापूर्वीं त्याचें माहेर विचारावें, आणि जिल्ह्याच्या कृषिविज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. मुलगी देतांना आपण घर पाहतों. झाड आणतांना निदान तितकी चौकशी करावी. ज्या झाडास आपली माती, आपला पाऊस आणि आपली थंडी मानवते, तेंच नातवंडांच्या हातीं फळ देईल.