वित्तीय अभियांत्रिकी : प्रवेशाची पूर्वतयारी

गणित, सांख्यिकी आणि संगणकशास्त्र यांच्या साहाय्याने आर्थिक जोखमीचे मोजमाप करणे व तिची किंमत ठरविणे, हे वित्तीय अभियांत्रिकीचे मुख्य कार्य होय. फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांनी १९७३ मध्ये ऑप्शनची किंमत काढण्याचे सूत्र मांडले आणि या विद्याशाखेला भक्कम पाया लाभला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९४ मध्ये या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. भारतातही जून २००० पासून शेअर निर्देशांकांवरील वायदे व्यवहार होऊ लागले आणि या ज्ञानाची गरज वाढली. कार्नेगी मेलन, बर्कली, कोलंबिया, न्यूयॉर्कचे बरूक कॉलेज येथील अभ्यासक्रमांकडे अनेक भारतीय विद्यार्थ्यांचे लक्ष असते. मात्र जागा मोजक्या असतात आणि शुल्कासाठी अनेक कुटुंबांना मोठे कर्ज काढावे लागते. म्हणून तयारीची दिशा प्रारंभीच ओळखणे अगत्याचे ठरते.

निवडीचा मुख्य निकष

हे अभ्यासक्रम साधारणतः एक ते दोन वर्षांचे असतात. यादृच्छिक प्रक्रियांसारखे कठीण विषय आरंभीच येतात आणि उन्हाळी प्रशिक्षणासाठीच्या मुलाखतीही लवकर सुरू होतात. मागे पडलेल्या विद्यार्थ्यास सावरण्यास अवधी मिळत नाही. त्यामुळे पहिल्या सत्रातील गणित या विद्यार्थ्यास पेलवेल काय, हाच प्रवेश समितीपुढील खरा प्रश्न असतो. त्याचे उत्तर प्रामुख्याने गुणपत्रकातून मिळते. बहुचल कलन, रेषीय बीजगणित, अवकल समीकरणे, संभाव्यताशास्त्र व सांख्यिकी या विषयांतील गुण बारकाईने पाहिले जातात. संभाव्यताशास्त्र कलनावर आधारलेले असणे अपेक्षित असते. वाणिज्य शाखेतील सांख्यिकीची प्राथमिक ओळख त्यासाठी पुरेशी नसते.

भारतीय गुणपत्रकाची अडचण

आपल्याकडील अनेक विद्यापीठांच्या गुणपत्रकांवर ‘अभियांत्रिकी गणित-३’ अशी केवळ शीर्षके असतात. त्या शीर्षकाखाली काय शिकविले गेले, याचा बोध परदेशी परीक्षकास होत नाही. अशा वेळी प्रत्येक विषयातील घटक व वापरलेले पाठ्यपुस्तक यांचा संक्षिप्त तक्ता, विद्यापीठाने मुभा दिली असल्यास, अर्जासोबत जोडावा. पदवी अभ्यासक्रमात एखादा विषय नसल्यास ‘एनपीटीईएल’ व ‘स्वयम्’ या मंचांवरील अभ्यासक्रम पूर्ण करून पर्यवेक्षित परीक्षेचे प्रमाणपत्र मिळविता येते. ही उणीव अर्जाच्या दीड-दोन वर्षे आधी भरून काढलेली बरी.

परीक्षा, संगणक आणि शिफारस

जीआरई परीक्षेत गणिताच्या विभागाला १३० ते १७० गुणांची श्रेणी असते. तथापि, या शाखेकडे येणारे बहुतेक विद्यार्थी गणितात निपुण असल्याने उच्च गुणांमुळे विशेष लाभ होत नाही. कमी गुण मात्र चटकन नजरेत भरतात. हे गुण पाच वर्षे ग्राह्य असल्याने परीक्षा लवकर देणे सोयीचे ठरते.

पायथन व सी++ यांपैकी किमान एका भाषेवर प्रभुत्व हवे. ऑप्शनची किंमत सूत्राने व मॉन्टे कार्लो पद्धतीने काढून दोन्ही उत्तरांतील फरकाचे कारण स्पष्ट करणारा छोटा प्रकल्पही अनेक प्रमाणपत्रांपेक्षा अधिक बोलका ठरतो. शिफारसपत्र मोठ्या पदाधिकाऱ्याचे असण्यापेक्षा ज्यांनी विद्यार्थ्याचे गणित वा संशोधन जवळून पाहिले आहे, अशा प्राध्यापकांचे असावे. उद्देशकथनात शेअर बाजाराच्या आकर्षणाचे वर्णन टाळावे आणि कोणत्या प्रकारचे काम करावयाचे आहे व त्यासाठी तोच अभ्यासक्रम का हवा, हे नेमकेपणाने सांगावे.

आर्थिक नियोजन

अर्ज करण्यापूर्वी शुल्क, निवासखर्च व परतफेडीचा हिशेब मांडणे आवश्यक आहे. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसह काही वंचित घटकांसाठी उपलब्ध आहे. तिच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत पडताळून पाहाव्यात.

प्रवेशाची खात्री कोणतीही तयारी देऊ शकत नाही. परंतु गणित व संगणक यांची पक्की बैठक प्रवेशानंतर वर्गात, मुलाखतीत आणि प्रवेश न मिळाल्यास भारतातील बँका, विमा व भांडवल बाजार या क्षेत्रांतही उपयोगी पडते. म्हणूनच अर्ज सजविण्याआधी पाया भक्कम करण्यास प्राधान्य देणे हितावह होय.