अतिसंवाहक कड्यातील आपोआप अडकणारा फ्लक्स

अतिसंवाहक कडे बाह्य चुंबकीय क्षेत्राविना थंड केले, तरी कधी कधी त्यात चुंबकीय फ्लक्स आपोआप अडकतो. असे का व्हावे? संक्रमण तापमान ओलांडताना कड्याचे दूरदूरचे भाग इलेक्ट्रॉन-तरंगाची कला स्वतंत्रपणे निवडतात. शीतकरण जलद झाल्यास त्यांना परस्परांशी जुळवून घेण्यास अवधी मिळत नाही. कड्याभोवती कलेचा एक पूर्ण फेरा शिल्लक राहिला, तर विद्युतप्रवाह टिकून राहतो आणि सुमारे २.०७ × १०⁻¹⁵ वेबर फ्लक्स अडकतो. किबल यांनी १९७६ मध्ये ही कल्पना आद्य विश्वासाठी मांडली. झुरेक यांनी १९८५ मध्ये ती प्रयोगशाळेतील पदार्थांना लावली. विश्वाचा प्रारंभ पुन्हा घडविता येत नाही. त्यामागील तर्क मात्र अशा लहानशा कड्यात तपासता येतो.