घरातील वाय-फायचा क्षीण संकेत : कारणे व उपाय
(विशेष संदर्भ : केम, ता. करमाळा, जि. सोलापूर)

प्रस्तावना :
मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर अध्यापन घराघरांतून होऊ लागले आणि वाय-फाय ही प्राध्यापकांच्या कामाची गरज बनली. ऑनलाइन व्याख्यान चालू असता संकेत तुटला की समोरचा वर्ग हातातून जातो. अशा वेळी पुष्कळ जण अधिक वेगाची महाग योजना घेतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा खर्च बहुधा व्यर्थ ठरतो; कारण दोष अनेकदा बाहेरून येणाऱ्या तारेत नसून घराच्या भिंतीत असतो.

दोषाचे निदान :
प्रथम राउटरपासून चार-पाच हातांवर उभे राहून वेग मोजावा; शक्य तर संगणक तारेने थेट जोडावा. तेथेही वेग मंद असल्यास सेवा पुरवठादाराकडे तक्रार करणे योग्य. तेथे वेग पुरेसा व आतल्या खोलीत अपुरा असेल, तर योजना बदलून काही साध्य होत नाही. संकेताची तीव्रता डीबीएम या एककात मोजतात. उणे ५० उत्तम. उणे ६७ पर्यंत दृक्श्राव्य संवाद सुरळीत चालतो. उणे ८० ला जोडणी डळमळते. दर १० डीबी घटीस शक्ती एक दशांशच उरते, हे येथे ध्यानात घ्यावे.

घराची रचना :
कुंकवासाठी प्रसिद्ध असलेल्या केमसारख्या गावात दगडमातीच्या जाड भिंतींचे जुने घर, त्यास जोडून सिमेंटच्या खोल्या व वर पत्रा अशी मिश्र रचना नवलाची नाही. वाय-फायच्या लहरी २.४ व ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत असतात. ५ गिगाहर्ट्झला वेग अधिक. परंतु भिंत ओलांडताना ती अधिक क्षीण होते. म्हणून जाड भिंतीपलीकडे २.४ चाच पट्टा निवडावा. पत्रा व लोखंडी कपाट लहरी परतवतात, तर पाण्याची टाकी त्या शोषते.

उपाय :
तार जेथून घरात शिरते त्याच कोपऱ्यात राउटर बसविण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी शास्त्रीय नाही. राउटर मधल्या खोलीत, पाच-सहा फूट उंचीवर, कपाटापासून दूर ठेवावा. हात-दीड हात जाडीच्या भिंतीस मात्र एवढे पुरत नाही. तेथे भिंतीतून तार नेऊन पलीकडे दुसरा राउटर जोडणे हाच खात्रीचा मार्ग होय. रिपीटर घेतल्यास तो संकेत मिळत नाही त्या खोलीत न ठेवता, संकेत चांगला आहे अशा वाटेवरच्या जागी ठेवावा. जे स्वतःलाच मिळत नाही ते तो पुढे काय देणार? पुण्याच्या सदनिकांत शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी टाळण्यासाठी १, ६ वा ११ क्रमांकाची वाहिनी निवडावी लागते. शेतातील वस्तीवर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तेथील अडचण विजेची. फायबरचा मोडेम व राउटर स्वतंत्र असल्यास दोन्ही बॅटरीवर जोडावेत. एकट्या राउटरला वीज दिल्यास संकेत पूर्ण दिसतो, पण इंटरनेट मिळत नाही.