काळ्या मातीचे स्थिरीकरण

रस्त्याच्या तळाशी असलेल्या काळ्या चिकण मातीत चुना, सिमेंट, राख किंवा मुरूम मिसळून तिची भारक्षमता वाढविण्याच्या आणि पाण्याने फुगण्याची प्रवृत्ती कमी करण्याच्या प्रक्रियेस काळ्या मातीचे स्थिरीकरण म्हणतात. रेगूर किंवा कापसाची काळी जमीन या नावांनी ओळखली जाणारी ही माती प्रामुख्याने दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक व तेलंगणा या राज्यांत तिचे विस्तीर्ण पट्टे आढळतात.

मातीचे गुणधर्म

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज मोठ्या प्रमाणात असते. त्याचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असून पापुद्र्यांमध्ये पाणी शिरताच ते एकमेकांपासून दूर सरतात व माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की माती आकसते आणि जमिनीला खोल भेगा पडतात. ओल दीर्घकाळ धरून ठेवण्याचा जो गुण कापूस व ज्वारी यांना उपकारक ठरतो, तोच रस्त्याला मारक ठरतो. रस्त्याच्या कडांना ओल लवकर पोहोचते व लवकर सुकते. मध्यभागी मात्र हा बदल कमी असतो. या असमान हालचालीमुळे कडेलगत लांबट भेगा पडतात. त्यांतून पाणी आत झिरपते, तळ मऊ होतो आणि वाहनांच्या भाराने रस्ता खचतो. त्यामुळे वरच्या थराची केवळ डागडुजी करून दोष दूर होत नाही.

भारक्षमतेची चाचणी

तळाच्या मातीचे बळ मोजण्यासाठी सी.बी.आर. चाचणी वापरतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या महामार्ग विभागात ती विकसित झाली. साच्यात दाबून बसविलेल्या मातीत ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या ठरावीक वेगाने रुतवितात आणि त्यासाठी लागलेल्या भाराची तुलना प्रमाणभूत खडीला लागणाऱ्या भाराशी करून उत्तर टक्क्यांत मांडतात. पावसाळ्यातील स्थिती लक्षात यावी म्हणून नमुना आधी चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. भिजलेल्या काळ्या मातीचे मूल्य बहुधा २ ते ४ टक्के इतकेच येते. मूल्य जितके कमी, तितके वरचे थर जाड करावे लागतात. खडी दुरून आणावी लागत असल्यास खर्च फार वाढतो.

चुन्याची विक्रिया

काळ्या मातीसाठी चुना हा विशेष प्रभावी पदार्थ आहे. त्याचे कार्य दोन टप्प्यांत होते. प्रथम मातीच्या कणांभोवती असलेल्या सोडियमसारख्या आयनांची जागा चुन्यातील कॅल्शियमचे आयन घेतात. त्यामुळे सूक्ष्म कण गोळा होऊन चिकट माती रवाळ व भुसभुशीत बनते. हा बदल काही तासांत ते काही दिवसांत दिसतो. दुसऱ्या टप्प्यात मातीतील सिलिका व अॅल्युमिना यांच्याशी चुन्याची विक्रिया होऊन सिमेंटसारखी संयुगे तयार होतात. ही क्रिया संथ असते आणि कित्येक महिने चालू राहते.

कार्यपद्धती

चुन्याचे प्रमाण प्रयोगशाळेत ठरवितात. ते सामान्यतः कोरड्या मातीच्या वजनाच्या ३ ते ६ टक्के असते. माती मोकळी करून ढेकळे फोडतात, चुना समप्रमाणात पसरून मिसळतात आणि योग्य ओल राखून रोलरने दाबतात. फार चिकट माती एकदा मिसळून एक-दोन दिवस मुरू देतात व पुन्हा कालवतात. दाबलेला थर काही दिवस ओलसर ठेवावा लागतो. चुना हवेत उघडा राहिल्यास त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते व त्याचा गुण जातो. कळीचा चुना पाण्याशी संयोग होताच प्रखर उष्णता देतो; म्हणून कामगारांचे डोळे, त्वचा व श्वसनमार्ग यांचे संरक्षण आवश्यक ठरते.

अन्य उपाय

सिमेंट वाळूमिश्रित मातीस अधिक मानवते. ते लवकर घट्ट होत असल्याने दाबाईचे काम साधारण दोन तासांत उरकावे लागते. औष्णिक वीजकेंद्रांतील उडती राख चुन्यासोबत वापरता येते. कोराडी व चंद्रपूर येथील केंद्रांमुळे विदर्भात ती जवळच उपलब्ध होते. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या मुरमासारख्या मातीचा ०.६ ते १ मीटर जाडीचा थर घालणे हाही रूढ उपाय आहे. चिकट परंतु न फुगणाऱ्या मातीचा थर वापरण्याच्या पद्धतीवर भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील आर. के. कट्टी यांनी मूलभूत संशोधन केले. ही पद्धत कालव्यांच्या बांधकामातही वापरली गेली.

मर्यादा

सेंद्रिय द्रव्य अधिक असलेल्या मातीत चुन्याची विक्रिया मंदावते. मातीत सल्फेटे असल्यास चुन्यासह फुगणारी संयुगे तयार होतात आणि रस्ता उलट उचलला जातो. त्यामुळे रासायनिक तपासणी आधीच करणे इष्ट असते. स्थिरीकरण केलेला थरही पाण्याच्या निचऱ्याला पर्याय ठरत नाही. बाजूची गटारे तुंबलेली राहिली, तर चांगला बांधलेला रस्ताही खचू शकतो आणि काळ्या जमिनीच्या पट्ट्यातील गावांचा शाळा, दवाखाना व बाजारपेठ यांच्याशी असलेला संपर्क ऐन पावसाळ्यात तुटतो.